नाकाला लावलेले तूप

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेला जे श्रोते हजर होते त्यांना माझी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. ‘बाददीय अध्यक्ष बहोदय’ अशी सुरुवात करून ज्याने एकही विनोद न सांगता सभागृहाला पोट धरून हसविले तो मीच. विषय होता ‘महागाई आणि मध्यमवर्ग’. सात मिनिटांच्या भाषणात ‘बहागाई’ किती वेळा आली ते मागच्या बाकांवरील मंडळींनी मोठ्याने मोजले. तो आकडा अजूनही मला पाहिले की कँटीनमध्ये ऐकू येतो.

भाषण मी पाठ केले होते. मुद्दे चांगले होते, निदान आमच्या सरांनी तरी तसे सांगितले. पण त्या दिवशी माझी एक लहानशी बाटली खोलीवर राहिली होती. ती बाटली म्हणजे काय, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरविले आणि ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ यांच्या डोक्यावरची न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली. माझ्या नाकाने महामंडळाच्याही पुढे जाऊन उच्चारली जाणारी सगळी अनुनासिके रद्द केली आहेत. ‘म’ चा ‘ब’ होतो, ‘न’ चा ‘द’ होतो. हवा नाकातून बाहेर पडायला जागाच नसेल तर बिचाऱ्या अक्षरांनी काय करावे? या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांनी आपण सुटलो असे समजू नये. ‘नन्न मने’ म्हणजे माझे घर, त्याचे मी ‘दद्द बदे’ करतो. दोन भाषा येत असल्याचा फायदा एवढाच, की दोन्हीकडचे लोक हसतात.

माझे ‘बदे’ सिल्वासाला आहे. आमच्याकडील गुजराती पाट्यांवर ‘सेलवास’ लिहिलेले असते. दादरा आणि नगर हवेलीचे हे मुख्य गाव १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. आता २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि दीव जोडून सगळ्यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. १९५४ च्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके सामील होते, हे आम्हांला शाळेत अभिमानाने सांगत. ज्या गावासाठी असा गाता गळा धावून गेला त्या गावात माझे हे चोंदलेले नाक वाढले, याला दैवगती म्हणावे, दुसरे काय.

वडील चंदगड तालुक्यातले. सुताच्या कारखान्यात पाळीच्या कामावर. आई गोकाककडची, घरात तिचे-माझे बोलणे कन्नडमधून. माझी शाळा मराठी माध्यमाची. बारावीनंतर मामाकडे राहून शिकावे म्हणून मला बेळगावला पाठविले. वापीहून मुंबई, मुंबईहून रात्रीची बस. त्या रात्रीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या किती प्रवाशांनी पहाटे वाहकाकडे जागा बदलून मागितली, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. घोरण्याबद्दल घोरणाऱ्याने बोलू नये. त्याला त्यातले काहीच माहीत नसते.

दुखणे केव्हा सुरू झाले हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. आई म्हणते पाचव्या वर्षी ओट्यावरून पडलो, नाकातून रक्त आले होते. वडील म्हणतात कारखान्यांचा धूर. आजी (आईची आई) म्हणते, पाऊस. तिसरे कारण मला त्या मानाने जवळचे वाटते, कारण आमच्याकडे वर्षाला दोनशे ते अडीचशे सेंटीमीटर पाऊस पडतो. दमणगंगा दुथडी वाहते, भिंतीला हिरवट बुरशी चढते, गादीला ओल येते. आणि जूनमध्ये चोंदलेले नाक दिवाळीपर्यंत सुटत नाही. दिवाळीनंतर धुळीने चोंदते. लोकांच्या नाकी नऊ कधीमधी येतात, माझ्याकडे ते कायमच्या मुक्कामाला आहेत.

तरीही मला हे दुखणे आहे असे वाटत नसे. लहानपणापासून तोंडाने श्वास घेणाऱ्याला तीच रीत वाटते. जेवताना मधूनमधून घास थांबवून दम घ्यायचा, रात्री उशाशी तांब्या ठेवायचा, कारण घसा कोरडा पडून जाग येते. सगळी माणसे अशीच जगतात अशी माझी समजूत होती. ती समजूत पहिल्यांदा मोडली एका तारप्यामुळे.

तारपा न पाहिलेल्यांसाठी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, असे हे वारली लोकांचे वाद्य. वाजविणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची साखळी. सातवीत असताना भातकापणीच्या दिवसांत वर्गातल्या एका मित्राने मला खानवेलकडच्या आपल्या पाड्यावर नेले. त्याचे आजोबा तारपा वाजवीत होते. नाच सुरू होता आणि सूर काही केल्या तुटेना. मी वाट पाहत होतो, हा म्हातारा श्वास घेतो तरी केव्हा? अर्ध्या तासाने त्यांनी वाद्य खाली ठेवले तेव्हा मी धीर करून विचारले. ते हसले. गालांत हवा साठवायची, ती गालांनी वाद्यात ढकलायची आणि त्याच वेळी नाकाने नवी हवा आत घ्यायची. एवढेच. त्यांच्या नातवाला ते सहाव्या वर्षापासून येत होते.

मी तारपा हातात घेतला. गाल फुगविले. आणि नाकाने हवा घेऊ लागलो तर काहीच आले नाही. पुन्हा. पुन्हा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आजोबांनी माझ्या नाकपुडीजवळ बोट धरून पाहिले आणि मित्राकडे वळून काहीतरी पुटपुटले. मित्राने त्याचे मराठी केले: “ते म्हणतात, याचे दार बंद आहे.”

दहावीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दार उघडले. सर्दी विकोपाला गेली होती, झोप नव्हती. गल्लीतल्या औषधांच्या दुकानदाराने नाकात घालायच्या थेंबांची दहा मिलिलिटरची बाटली दिली. दोन थेंब उजवीकडे, दोन डावीकडे. पाचएक मिनिटांनी जे झाले ते मला अजून आठवते. थंड हवा नाकातून शिरली, वर गेली आणि घशाच्या मागून खाली उतरली. डोक्याला खिडकी बसविल्यासारखे वाटले. मी अंथरुणात उठून बसलो आणि नुसता श्वास घेत राहिलो. वर्गातल्या एका मुलाला नववीत चष्मा लागला तेव्हा तो शाळेसमोरच्या चिंचेखाली उभा राहून वर बघत बसला होता. चिंचेची पाने वेगवेगळी दिसतात हे त्याला ठाऊकच नव्हते. त्या रात्री माझे तसे झाले.

दुकानदाराने सांगितले होते, चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नको. वेष्टनावरही ते छापलेले होते. मी चार वर्षे घातले.

यात जादू काही नाही. झायलोमेटाझोलिन किंवा तत्सम औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आवळते. त्या आवळल्या की सुजलेला मांसल भाग आक्रसतो आणि वाट मोकळी होते. औषधाचा अंमल उतरला की मात्र रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. पुन्हा सूज. पहिल्या रात्री दोन थेंबांत दहा तास निघाले. बारावीत सहा निघत. बेळगावला आलो तेव्हा तीनसुद्धा निघेनात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये. उसना घेतलेला श्वास मी चक्रवाढ व्याजाने फेडत होतो, आणि फेडीसाठी पुन्हा त्याच सावकाराकडे जात होतो. महिन्याला चार बाटल्या. चार वर्षांच्या एकशे ब्याण्णव. म्हणजे जवळजवळ दोन लिटर औषध थेंबाथेंबाने या नाकात गेले. पैसे कुठून आले, तर वह्यांच्या, झेरॉक्सच्या आणि एकदा परीक्षा शुल्काच्या नावाखाली. परीक्षा शुल्क एकदाच भरायचे असते हे वडिलांना माहीत नव्हते. पाळीवरून आलेल्या माणसाने खिशातून मोजून दिलेल्या त्या नोटा मला थेंब घालताना दर वेळी आठवत असत असे लिहिले तर ते खोटे होईल. थेंब घालताना फक्त थेंबच आठवतात.

बाटली शर्टाच्या खिशात, एक दप्तरात, एक उशीखाली. वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी नवा शर्ट घातला होता, एवढेच.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. सुटीला घरी होतो. आई बाजारात गेलेली, वडील पाळीवर. मी आतल्या खोलीत परिव्यय लेखांकनाची उदाहरणे सोडवीत बसलो होतो. चहाची तल्लफ आली म्हणून स्वयंपाकघरात गेलो, पातेल्यात पाणी घेतले आणि लायटर उचलला. त्याच क्षणी धाकटी बहीण (ती तेरा वर्षांची आहे) बाहेरून दारात आली आणि असा आवाज काढला की लायटर माझ्या हातातून खाली पडला. “दादा! वास नाही येत का तुला?”

शेगडीची रबरी नळी चिरली होती. किती वेळापासून गॅस सुटत होता कोण जाणे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. घराघरांतल्या नाकांवर भरवसा टाकून केलेली ही व्यवस्था. त्या दुपारी आमच्या घरातले नाक माझे होते. बहिणीने सिलिंडरची कळ बंद केली, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून अंगणात आणले. तिला रस्त्यावरूनच वास आला होता. अंगणात उभा राहूनही मला काही आला नाही.

तिने ही गोष्ट आईला सांगितली. मी सांगितली नसती.

चार दिवसांनी आम्ही रुग्णालयात गेलो. सिल्वासात आता शासकीय रुग्णालयाच्या जोडीला २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे, त्यामुळे नाकासाठी मुंबई गाठण्याचे दिवस गेले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई हिंदीतून बोलत होत्या. आमच्या गावात वारली, कोकणी, गुजराती, मराठी, बिहारी सगळेच असल्याने दवाखान्याची भाषा हिंदी. त्यांनी माझा गाल बोटाने बाहेरच्या बाजूला ओढून “आता श्वास घे” असे सांगितले, मग दिवा लावून आत पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला: “थेंब किती दिवस घालतोस?”

आई शेजारी बसली होती. मी म्हणालो, अधूनमधून. बाईंनी पुन्हा विचारले, आणि दिवा तसाच नाकाशी धरून ठेवला. नाकात दिवा असताना माणसाला फार वेळ खोटे बोलता येत नाही. मी म्हणालो, चार वर्षे.

आई काही बोलली नाही. बाहेर रिक्षात बसल्यावर तिने एकच वाक्य उच्चारले: “निन्न मूगिगे नीन तुप्प सवरिकोंडि.” तुझ्या नाकाला तूच तूप लावून घेतलेस. कन्नडमध्ये कोणाला खोटी आशा दाखवून फसविले की त्याच्या नाकाला तूप लावले असे म्हणतात. वास दरवळतो, पोटात काही जात नाही. मराठीत आपण अशा वेळी कोपराला गूळ लावतो. पण कोपराला गूळ दुसरा कोणी लावतो. आईने जे वाक्य वापरले त्यात लावणारा मीच होतो. रिक्षा नरोलीच्या फाट्यापाशी येईपर्यंत मी रस्त्याकडेच बघत राहिलो.

पुढे चित्रण झाले. त्यात माझ्या नाकाचा मधला पडदा मी प्रथमच पाहिला. उभा असावा तो इंग्रजी ‘एस’ सारखा वळला आहे: खाली डावीकडे, वर उजवीकडे. आमचे वडील नाकासमोर बघून चालणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध आहेत. मी नाकासमोर चालायचे ठरविले तर दोन वळणे घ्यावी लागतील. पडद्याशिवाय दुसरा दोष असा की बाजूच्या भिंतींवरचे मांसल उंचवटे, ज्यांना टर्बिनेट म्हणतात, ते धुळीच्या ॲलर्जीने आणि माझ्या थेंबांनी सुजून बसले आहेत. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या उघड्या नसतात. काही तासांनी एक मोकळी, दुसरी जड, अशी त्यांची आलटून पालटून पाळी चालते. १८९५ साली कायझर नावाच्या जर्मन डॉक्टराने हे नोंदवून ठेवले. आमच्या आजीला ते त्याआधीपासून ठाऊक आहे, ती त्याला चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणते. वडिलांना मात्र मी पाळीच्या भाषेत सांगितले आणि त्यांना ते चटकन पटले. माझ्या बाबतीत एक कामगार कायमचा गैरहजर आणि दुसरा पाळीला आलाच तर वाट अरुंद, अशी गत आहे.

बाईंनी शस्त्रक्रियेचे नाव सांगितले: सेप्टोप्लास्टी. भूल देऊन, नाकपुडीच्या आतूनच वाकडी कूर्चा आणि हाड सरळ करायचे, जरूर तर थोडे काढायचे; त्याच वेळी उंचवटेही लहान करता येतात. बाहेर टाका नाही, नाकाचा आकार बदलत नाही. (बहिणीने यावर निराशा व्यक्त केली.) नंतर काही दिवस नाकात पट्ट्या किंवा बोळे, आणि पुढे काही आठवडे खपल्या. नाकाची वाढ पुरी होईपर्यंत सहसा थांबतात. विसाव्या वर्षी ती अडचण नाही. मग मी विचारले, नाक मोकळे होईल ना? त्यांनी पेन खाली ठेवले. बहुतेकांना पुष्कळ आराम पडतो, त्या म्हणाल्या, पण ॲलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित पडद्याला भोक पडते, काहींना पहिल्यासारखेच चोंदल्याचे वाटत राहते. आणि वास? वासाबद्दल मी शब्द देत नाही. आणि थेंब सुटल्याखेरीज मी हात लावणार नाही.

त्या दिवशी मला बाईंचा राग आला होता. खात्री द्यायला काय हरकत होती? पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वैद्यकाच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळताना खात्री देणारा एक मजकूर भेटला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेले ते पत्र आहे. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, इंग्रजीत त्याचे नाव कावसजी असे छापले आहे, १७९२ च्या युद्धात टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बेताचा कापायचा, तो कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. पण दोन्ही भुवयांच्या मधोमध ती जोडलेली ठेवायची, म्हणजे नवी जागा धरेपर्यंत रक्त पोचत राहते. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने ती पद्धत १८१४ मध्ये वापरली. भुलीचे औषध यायला तेव्हा आणखी तीस वर्षे होती.

दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत, असे त्या पत्रात आहे. हे वाचताना माझा हात आपोआप नाकाकडे गेला. आणि ही शस्त्रक्रिया नेहमीच यशस्वी होते, असेही पत्रलेखकाने बेधडक लिहून टाकले आहे. कावसजी बेळगावच्या बाजूने गेला असेल की नाही मला ठाऊक नाही. पण श्रीरंगपट्टणला नाक गमावून पुण्याला परत मिळविलेला हा माणूस आपल्या दोन्ही विभागांचा आहे असे मला वाटते. त्याने काय हिशोब मांडला असेल? त्याला फारसा मांडावा लागला नसावा. नाक गेले होते हे जगाला दिसत होते, त्यालाही आठवत होते. त्याला जे हवे होते ते त्याच्याकडे एके काळी होते. माझे नाक बाहेरून चांगले सरळ आहे, लग्नाच्या बाजारात खपेल असे. जे आतून नाही ते मी उसनवारीवर दहा-दहा तास वापरून पाहिले आहे, इतकेच. आणि आता त्यासाठी चाकूखाली जायचे, तेही बाई शब्द देत नसताना.

घरात दोन पक्ष पडले. वडिलांचे पहिले म्हणणे, माणूस तोंडाने श्वास घेतो की, एवढे काय त्यात. गॅसची गोष्ट ऐकल्यापासून ते म्हणणे त्यांनी मागे घेतले आहे, आणि आता त्यांचा आग्रह असा की करायचे तर खासगीत करू. वापीत एका ठिकाणी विचारलेला आकडा त्यांच्या दोन पगारांच्या वर जातो. मी म्हटले, शासकीय रुग्णालयातच करू. ते गप्प राहिले, मग म्हणाले, “परीक्षा शुल्क दोनदा भरलंच की आपण.” एवढे बोलून ते पाळीवर निघून गेले. म्हणजे त्यांना माहीत होते. केव्हापासून, ते विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही.

जूनमध्ये थेंब सोडायला घेतले. बाईंनी सांगितलेली युक्ती अशी की एकदम सोडू नये, आधी एका नाकपुडीचे बंद करावेत. दुसरी चालू राहते म्हणून माणूस टिकतो. जोडीला स्टिरॉइडचा फवारा, ज्याचा गुण यायला दिवस लागतात, आणि मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे. पहिले आठ दिवस उजवी नाकपुडी पूर्ण बंद होती. रात्री मी भिंतीला टेकून बसून झोपलो. चौथ्या रात्री उठून बहिणीच्या दप्तरात बाटली शोधली, कारण माझ्या सगळ्या बाटल्या आईने तिच्या ताब्यात दिल्या होत्या. दप्तरात बाटली नव्हती. एक चिठ्ठी होती, ‘दादा, इथे नाही’. अकराव्या दिवशी पहाटे उजवीकडून हवेची एक बारीकशी रेघ आत गेली. थेंबांनी येत असे तशी खिडकी नव्हे. दाराची फट म्हणावी एवढीच. पण औषधावाचून आली होती. मग डावी. डाव्या बाजूने ऑगस्टपर्यंत दमविले. तोवर कॉलेज सुरू झाले होते, आणि ज्या प्राध्यापकांना मी तासाला झोपतो असे वाटत असे त्यांची मी येथे क्षमा मागतो.

दिवाळीत बाईंनी पुन्हा तपासले. सूज बरीच उतरली आहे, पडदा अर्थातच होता तसाच वाकडा आहे. फवाऱ्यावर भागत असेल तर शस्त्रक्रिया न करताही राहता येईल, त्या म्हणाल्या. घाई नाही, तू ठरव. या बाईंच्या अशा बोलण्याचा मला आता राग येत नाही. मी दोन रकान्यांचा तक्ता करून पाहिला. डावीकडे धोका, खर्च, महिनाभराची अडचण. उजवीकडे लिहायला बसलो तर ज्याची किंमत ठरविता येईल असे एकही कलम सापडेना. झोप किती रुपयांची? ‘म’ ला ‘म’ म्हणता येणे कोणत्या खात्यात घालावे? परिव्यय लेखांकनात मला बासष्ट गुण आहेत, पण हा तक्ता मी कोरा सोडून दिला.

त्याच सुटीत खानवेलच्या पाड्यावर गेलो होतो. मित्राचे आजोबा आता नाहीत. तारपा मित्र वाजवितो. त्याने मला वाजवायला दिला. गाल फुगवून मी नाकाने हवा ओढली, थोडी आली. सूर दोनएक श्वास टिकला आणि तुटला. नाचणारी पोरे थांबली. मित्र म्हणाला, फट आहे, दार नाही. मी त्याला पडद्याचे चित्र मोबाईलवर दाखविले. बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्यावर तो म्हणाला की भोपळा जर असा आतून वाकडा निघाला तर ते लोक तो तारप्याला घेतच नाहीत.

घरी येऊन मी आईला सांगितले की तारीख घेऊ या.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याच्या आधी करायचे ठरले आहे, आणि शासकीय रुग्णालयातच. वडिलांनी त्या आठवड्याची रजा आत्ताच मागून ठेवली आहे. पुढच्या वर्षी या अंकात माझा लेख आला नाही तर विपरीत अर्थ काढू नये. मी तेव्हा या कॉलेजात नसेन. गोकाकहून आजी महिनाभर राहायला येणार आहे. लहानपणी माझ्या नाकात कोमट तुपाचे थेंब सोडणारी तीच. गेल्या आठवड्यात फोनवर तिने सांगितले की येताना घरच्या तुपाची बरणी आणते आहे. मी घाबरून विचारले, कशाला? आजी म्हणाली, “उण्णाक.” जेवायला.